पाव्हण्याचा वाटा

नाथाजीला स्वयंपाकातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. बायको रंगुबाई गेल्यावर म्हाताऱ्यानं भाकरी थापायला घेतली, तेव्हा तव्यावर कुठल्या कुठल्या देशाचे नकाशे उमटले. पुढं भाकरी गोल येऊ लागली, पण एक खोड जाईना. हात दोन भाकरी थापायचे. एक त्याची, एक तिची. ती गेली हे हातांना कोण सांगणार? दुसरी भाकरी मग तो गंगीपुढं टाकायचा.

गंगी म्हणजे रंगुबाईची काळी कुत्री. केरबानं, तिच्या धाकट्या भावानं, एवढंसं पिल्लू आणून बहिणीच्या ओटीत टाकलं होतं. रंगुबाईच्या मागं गंगी नाथाजीशिवाय कुणाच्या हातचं खात नव्हती, आणि खरं सांगायचं तर नाथाजीलाही तिच्याशिवाय घास उतरत नव्हता. तीच गंगी दिवाळीच्या सुमारास नाहीशी झाली.

माण तालुक्यातल्या त्या माळावर, पवनचक्क्यांच्या खालच्या अंगाला, लांडग्यांचं एक जोडपं असायचं. तिथले धनगर लांडग्याचं नाव घेत नाहीत, 'पाव्हणा' म्हणतात. पावसाळ्यात त्यातली मादी म्हसवडच्या रस्त्यावर ट्रकखाली गेली आणि नर एकटा उरला. दुसरी मादी त्याला मिळणार कुठं? माळ नांगरले गेले, कुंपणं पडली, पाव्हण्याचं गणगोत कधीच पांगलं होतं. तो सांजेला टेकाडावर उभा राहून हेल काढायचा आणि इकडं गंगी कान टवकारायची.

"जाऊ नगंस बाई," नाथाजी म्हणायचा. "त्यो आपल्यातला न्हाई."

पोरी ऐकतात होय!

माघात मेंढरं वळताना ती त्याला सापडली. ओढ्याच्या दरडीत बीळ, तोंडाशी गंगी, आणि तिच्या अंगावर लोळणारी पिल्लं. काही आईसारखी काळी, काही बापासारखी मातकट. नाथाजी बाभळीआड बसला. थोड्या वेळानं पाव्हणा आला. पिल्लं धावली, त्याचं तोंड चाटू लागली, तसं त्यानं पोटातलं सगळं मांस त्यांच्यापुढं ओकून टाकलं. गंगी जेवली, पोरं जेवली. तो मात्र बाजूला खपाटीला गेलेलं पोट घेऊन नुसता बघत बसला. नाथाजीचे डोळे भरून आले. जावई बरा मिळाला, त्याच्या मनात आलं.

पाव्हणा गेल्यावर त्यानं हाक मारली. गंगीनं शेपूट हलवली, हात चाटला, फडक्यातली भाकरी खाल्ली, पण बीळ सोडलं नाही. पोरं जरा मोठी झाली की सगळ्यांना घेऊन येईल घरी, असं नाथाजीनं ठरवून टाकलं. रोज तो तिची भाकरी पोचवू लागला आणि पोरांच्या आडोशाला दाराशी एक जुनी वेताची पाटी उपडी करून ठेवली.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. केरबाला तर नाहीच. एकट्या पाव्हण्याला हरीण काही गाठता येत नव्हतं, म्हणून तो केरबाच्या मेंढरांवर यायचा. आणि केरबाच्या बापानं एकेकाळी बिळाला धुरी देऊन लांडग्याची पिल्लं मारली होती, ते नाथाजीच्या डोक्यातून जात नव्हतं.

मग केरबाची गाभण मेंढी गेली. आरडाओरडा झाल्यावर पाव्हणा ती अर्धी टाकून पळाला. केरबा तावातावानं आला.

"दाजी, आता लय झालं."

"उरल्यालं त्येचं असतंय केरबा," नाथाजी म्हणाला. "वाटा दिला की काही दिस दुसऱ्यावर येत न्हाई. रीत हाय आपली."

एरवी केरबा रीतीला हसायचा. आज मात्र तो खाली बघत म्हणाला, "बरं. सकाळी तुमीच न्या. घरातलं थोरलं मानूस नेतं न्हवं?"

नाथाजीला बरं वाटलं. संशयाची पाल चुकचुकायला हवी होती, ती चुकचुकली नाही.

वाटा ठेवायचा तो शिवेवरच्या धोंड्यावर. नाथाजीनं ती अर्धी मेंढी सकाळी तिथवर ओढत नेली आणि थांबला. बीळ अजून लांब होतं. जावयाला कशाला पायपीट, पोरीला ताजं मिळू दे, असं म्हणत त्यानं कंबर मोडेस्तोवर ओढत ती मेंढी थेट ओढ्याच्या काठापर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेला, तेव्हा गंगी बिळाच्या तोंडाशी ताठ पडली होती. तोंडाला फेस. पिल्लं तिच्याभोवती, एकही हलत नव्हतं. पाव्हणा पलीकडच्या काठावर उभा होता, जिवंत. खाल्लेलं त्यानं लगेच सगळं पोरांना देऊन टाकलं होतं, स्वतःच्या पोटात काही राहू दिलं नव्हतं.

नाथाजी गंगीला खांद्यावर घालून केरबाच्या दारात गेला. केरबा पुढं आला.

"ही कुठं गावली?"

"बिळात. तिची पोरं बी हायती तिथं. काय घातलंवतंस मेंढीत?"

"इख." केरबानं कपाळ बडवून घेतलं. "आवं दाजी, मला सांगायचं न्हाई व्हय? माज्या आक्काची कुत्री ती!"

"सांगितलं आसतं तर धुरी दिली आसतीस."

"गंगी आत हाय म्हनला आसता, तर म्याच वाटा आनून टाकला आसता वं!" केरबा लहान पोरासारखा रडू लागला.

विष केरबाचं खरं. पण वाटा धोंड्यावरच ठेवला असता, तर बिळाकडं येता येता विष भिनून पाव्हणा एवढ्या लांबच्या वाटेत एकटाच पडला असता. गंगी वाचली असती, पोरं वाचली असती. विष त्यांच्या दारापर्यंत आपणच ओढत नेलं. दोघांनी मिळून सगळ्यांना बाभळीखाली पुरलं.

त्यानंतर केरबाची आणखी एक मेंढी गेली. नाथाजी ओढ्याकडं गेला. रिकाम्या बिळासमोर मांसाचा ढीग पडला होता, कुणी न शिवलेला, त्यावर माश्या. शेजारी कालचा वाळलेला, त्याच्या शेजारी परवाचा. पलीकडच्या काठावर पाव्हणा बसला होता, पोट खपाटीला गेलेलं, नजर बिळावर.

नाथाजीनं फडकं सोडलं. सकाळी एकच भाकरी थापायची म्हणून बसला होता. फडक्यात दोन निघाल्या.