दोनदा टकटक

मी एक जुनी जादूची पेटी आहे, मित्रांनो. आता मला जादूची म्हणायची सोय राहिली नाही, कारण माझं गुपित एका मोठ्या खोलीभर माणसांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. का, तेच सांगते.

मला एका जादूगारासाठी एका सुताराने सागाच्या लाकडातून घडवलं. माणूस मोजकं बोलणारा. माझी मागची फळी त्याने खुंटीवर अशी बसवली, की तिच्यावरच्या गाठीवर बोट दाबलं की ती दारासारखी फिरायची आणि पुन्हा मिटायची. मिटली की नख शिरायलाही जागा नसायची. काम संपल्यावर तो जादूगाराला म्हणाला, "हे तुम्हाला माहीत आणि मला माहीत. त्यातला मी आता विसरलो."

तिसऱ्या माणसालाही ते माहीत होतं. जादूगाराच्या बायकोला. त्यांना सगळे बाई म्हणत. खेळात बाई माझ्यात शिरायच्या, जादूगार कुलूप लावायचा, आणि बाई मागच्या फळीतून काळ्या पडद्याआड निसटायच्या. जादूगार कांडी फिरवता फिरवता हळूच विचारायचा, "आहेस ना?" बाई माझ्या पाठीवर दोनदा टकटक करायच्या. दोनदा म्हणजे 'निघाले'. एकदाच म्हणजे 'अडकले'. बत्तीस वर्षं खेळ झाले, पण 'अडकले'ची ती एकच टकटक कधी झाली नाही.

मग दार उघडायचं आणि मी रिकामी दिसायची. टाळ्यांचा नुसता कडकडाट. जादूगार वाकून नमस्कार करायचा. तेव्हा बाई पडद्यामागे अंधारात उभ्या राहून रुमालाने घाम पुसत असायच्या. एकदा त्या हसत म्हणाल्या होत्या, "नाहीसं होण्यात माझा कोणी हात धरणार नाही. लोकांना दिसायचं तेवढं राहून गेलं."

पुढे खेळ बंद पडले. मला मागच्या खोलीत ढकललं आणि माझ्यात रजया कोंबल्या. पण बाई दर आठवड्याला रजया बाजूला सारून गाठ दाबायच्या आणि फळी फिरवून बघायच्या. म्हणून माझे सांधे धरले नाहीत. त्यांचे हे उपकार मी कसे विसरू?

एक दिवस सिनेमावाले आले. चार जादूगार भर खेळात बँकेची तिजोरी लुटतात, अशी त्यांची गोष्ट होती. पहारेकरी स्वतःच्या हातांनी पेटी तिजोरीत नेऊन ठेवणार आणि पेटीतून चोर बाहेर पडणार. जन्मभर मी प्रामाणिकपणे लोकांना फसवलं, आणि म्हातारपणी मला चोरीचं काम मिळालं.

दिग्दर्शकाला मी काळी, चकचकीत हवी होते. रंगारी आला. फार काळजीने काम करणारा माणूस. त्याने विचारलं, "काका, मागे कुठे उघडझाप आहे का? तेवढी जागा सोडतो."

जादूगाराची छाती फुगली. गुपित ते गुपित. "छे, साधी फळी आहे. बिनधास्त रंगवा," तो म्हणाला. रंगाऱ्याने तीन हात दिले, एकावर एक.

चित्रीकरणाच्या दिवशी माझ्यात नटी बसणार होती. पण या धंद्यात एक रीत आहे. पेटीत नवा माणूस बसायच्या आधी जुन्याने बसून बघायचं. दिग्दर्शक घड्याळ बघत म्हणाला, "काका, वेळ नाहीये हो."

"मला आत जायला किती वेळ लागतो, ते यांना विचारा," म्हणत बाई माझ्यात शिरल्यासुद्धा. आता त्यांची साठी उलटली होती आणि त्यांना दम्याचा त्रास होता.

दाराला खरं कुलूप लागलं. बघायचंच आहे तर म्हणून कॅमेराही सुरू झाला. किल्ली ज्याच्या खिशात, तो सामानवाला काहीतरी आणायला शेजारच्या इमारतीत गेला.

जादूगाराने कांडी फिरवली. "आहेस ना?"

बाईंचं बोट गाठीवर होतं. त्यांनी दाबलं, मग मूठ लावली, मग खांदा. मी जीव एकवटला, पण वाळलेल्या रंगाने मला सगळीकडून धरून ठेवलं होतं. बाईंना धाप लागली. पेटीत आवाज करायचा नाही ही इतक्या वर्षांची सवय, म्हणून त्यांनी हाकही मारली नाही. फक्त एकदा टकटक केली.

ती फक्त जादूगाराला कळली. "किल्ली?" त्याने विचारलं. माणसं इकडेतिकडे धावली. लोकांना बाहेर काढावं, पडदा ओढावा, असलं काही त्याच्या मनातही आलं नाही. सगळ्यांसमोर तो ओरडला, "मागची फळी फिरते! हातोडा द्या!" आणि त्याने स्वतः त्या गाठीवर घाव घातला. तिसऱ्या घावाला माझी फळी फुटली. मित्रांनो, मला लागलं खूप. पण फुटण्याचा इतका आनंद कोणत्याच लाकडाला झाला नसेल.

बाई खोकत बाहेर आल्या. रंगाऱ्याने खुर्ची दिली, नटीने पाणी दिलं. त्यांचा श्वास हळूहळू शांत झाला. मग दिवेवाल्याने टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळी खोली टाळ्या वाजवू लागली. बाईंनी वळून मागे पाहिलं, टाळ्या कोणासाठी आहेत ते बघायला.

"तुझ्यासाठीच आहेत," जादूगार म्हणाला. तो बाजूला सरकून उभा राहिला होता.

"मग आधी केस तरी नीट करू दे," बाई म्हणाल्या.

जादूगाराने त्यांचा हात धरला. "चूक माझी. गुपित सांभाळता सांभाळता तुलाच घालवून बसलो असतो."

दिग्दर्शकाने त्या दिवशी गोष्टच बदलली. सिनेमात आता तिजोरीतल्या पेटीतून एक म्हातारी बाहेर पडते, तीच सगळ्या चोरांची म्होरकी, आणि तिच्यावर एकाही पहारेकऱ्याला संशय येत नाही. ते काम बाईंनी केलं. पडद्यावर त्या दिसल्या, मोठ्ठ्या, उजेडात.

माझी नवी फळी रंगाऱ्याने आणून बसवली. ती साधी आहे, फिरत नाही. मी आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत असते. मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग जरूर द्या, पण आधी ती उघडून, मिटून बघा. आणि जिने तिच्यात बसून आयुष्य काढलं, तिलाही विचारा. सुताराचे, बाईंचे आणि त्या हातोड्याचेही माझ्यावर उपकार आहेत.

रोज सकाळी बाई माझ्यावरून फडकं फिरवतात. मग दोनदा टकटक करून विचारतात, "आहेस ना?"

मी जमेल तेवढी करकरते.