ऐकू न येणारा डॅश

वहिनीचा फोन आला तेव्हा धाकटा ऑफिसच्या जिन्यात गार चहा घेऊन उभा होता. वर मीटिंग चालू होती आणि आपण नसल्याचं कुणाच्या लक्षात येईपर्यंत जरा भिंतीला टेकावं, एवढाच त्याचा बेत होता.

"ह्यांना सर्व्हरच्या कामावरून काढलं," वहिनी म्हणाली. "नोकरी आहे, पण चौकशीच्या टेबलावर बसवलंय. लोकांचे फोन घ्यायचे. घरी आले की गप्प बसून असतात. रविवारी येऊन जाशील का?"

"येतो," तो म्हणाला.

दादा शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत होता. तिथली सगळी मशीनं त्याच्या ताब्यात. कुठल्या भागात किती पाणी गेलं, कुणाच्या मीटरवर काय आकडा आला, हे सगळं जिथे साठतं ते सर्व्हर त्यानंच उभे केलेले. धाकट्याला कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसवलं तेही त्यानंच. पुढे दादाच्या डोळ्यांना आजार जडला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. पण त्यानं काम सोडलं नाही. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम तो शिकला आणि त्याचा वेग इतका वाढवत नेला की शेजारी बसलेल्याला नुसती माशी गुणगुणल्यासारखी वाटायची. दादाला त्यातला शब्द न् शब्द कळायचा.

धाकट्याचं पोट भरायचं ते दवाखान्यांच्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहून. त्याशिवाय त्याच्या गळ्यात एक जुना प्रोग्राम पडला होता, बिनपगारी. कॉम्प्युटरच्या प्रत्येक कमांडबरोबर तिचं मॅन्युअल पान येतं. ती कशी चालवायची, तिला कुठले पर्याय द्यायचे, हे त्यावर असतं. लिहिणारे ही पानं जुनाट खाणाखुणांच्या भाषेत लिहितात, आणि हा प्रोग्राम ती नीट मांडून दाखवतो. साध्या काळ्या पडद्यावर पाहिजे तर तशी, ब्राउझरमध्ये पाहिजे तर एचटीएमएल करून. आधीचा सांभाळणारा थकला आणि त्यानं दोन ओळींची मेल टाकून किल्ल्या धाकट्याच्या हातात दिल्या. तेव्हा धाकट्याला फार मान वाटला होता. आता रोज सकाळी तक्रारींचा ढीग उघडायच्या आधी तो दुसरा चहा करून घ्यायचा. त्यातही एचटीएमएलचा भाग म्हणजे जुन्या घराचं वायरिंग. कुणी कशाला काय जोडलंय ते माहीत नाही, दिवे लागतात ना, मग हात लावू नका.

रविवारी दादा खिडकीपाशी टेबलाला कोपरं टेकून बसला होता. दाढी वाढलेली. धाकट्याची पावलं त्यानं ओळखली.

"आलास? बस. वहिनीनं बोलावलं असेल."

"काय झालं, दादा?"

"काही नाही रे. लोक विचारतात पाणी का नाही आलं, मी म्हणतो चौकशी करतो. सोपं काम आहे."

बराच वेळ तो तेवढंच बोलत राहिला. मग वहिनी भाजी आणायला बाहेर पडली आणि त्यानं सगळं सांगितलं.

मीटरचे जुने आकडे एका मशीनवरून दुसरीकडे न्यायचे होते. त्यासाठी जी कमांड होती ती नुसती नक्कल करत नाही, मूळ जागी जे नाही ते दुसरीकडून पुसूनही टाकते. म्हणून तिला सरावाचा एक पर्याय असतो. तो दिला की ती काय करणार ते फक्त सांगते, करत काही नाही. दादानं मॅन्युअलच्या पानावरचं उदाहरण उचललं, आपल्या फोल्डरांची नावं घातली आणि चालवलं. सरावच करायचा होता, कारण मूळ फोल्डर बरोबर आहे की नाही याचीच त्याला शंका होती.

"सराव झालाच नाही," दादा म्हणाला. "पर्यायाच्या आधी जे दोन डॅश असतात ना, ते पानावर खरे डॅश नव्हतेच. छापील पुस्तकात असतात तसे, शोभेचे. मशीनला तो पर्याय वाटलाच नाही, फोल्डरचं नाव वाटलं. असं फोल्डर सापडत नाही म्हणून एक ओळ कुरकुरलं आणि पुढे खरंच कामाला लागलं. ती ओळ मी ऐकेपर्यंत निम्मं पुसून झालं होतं. राखीव प्रतीतून बरंचसं परत आलं. उरलेल्यासाठी मीटर बघणाऱ्यांना पुन्हा घरोघर हिंडायला लागलं. त्यांनी मला किती शिव्या घातल्या असतील."

धाकट्यानं खुर्ची जवळ सरकवली. "कुठलं पान?"

"ब्राउझरमधलं." दादानं जरा थांबून कीबोर्ड पुढे ओढला. "तुझं पान माझ्या कानाला कसं लागतं ते कधी ऐकलंयस? थांब, तुझ्यासाठी हळू करतो."

तो सपाट, कुणाचाच नसलेला आवाज बोलू लागला. तक्ता. ओळ. रिकामं. रिकामं. ठळक अक्षरं, नाव. ठळक संपलं. ओळ. रिकामं. दादानं एक बटण दाबलं. "हे बटण पुढच्या मथळ्यावर नेतं. वर्तमानपत्र वाचताना मी ह्यावरच जगतो." आवाज म्हणाला, मथळा सापडला नाही. दादानं पुन्हा दाबलं. मथळा सापडला नाही.

"पण मथळे आहेत," धाकटा पुटपुटला. "दिसतात की."

"दिसतात रे."

मथळे म्हणजे मोठ्या आणि ठळक केलेल्या नुसत्या ओळी होत्या, हे धाकट्याला माहीत होतं. पर्यायांची यादी म्हणजे जागा नीट दिसावी म्हणून ठोकलेला तक्ता, अर्धे खण रिकामे. दादाला एक पर्याय शोधायचा तर दर वेळी अख्खं पान पहिल्यापासून ऐकावं लागत होतं. शेवटी ते उदाहरण आलं. आवाज म्हणाला, सराव. त्याच्या आधी काहीच नाही.

"डॅश ऐकू आला?" दादानं विचारलं.

"नाही."

"मलाही नाही आला. म्हटलं, उदाहरणात आहे म्हणजे असणारच."

"तू आधी का नाही सांगितलंस? इतकी वर्षं..."

"सांगणार होतो. पण तू आलास की त्या प्रोग्रामच्या नावानं खडे फोडायचास. हा असा म्हणतो, तो तसं मागतो, जीव नकोसा झालाय. म्हटलं, त्या रांगेत आपण कशाला उभं राहा."

धाकटा घरी आला तो आजाऱ्यासारखा. पण दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जायच्या आधी तो त्या जुन्या वायरिंगला हात घालू लागला.

खरी अडचण कोडमध्ये नव्हतीच. प्रोग्रामचं काम दोघांकडे होतं, आणि दुसरी होती पंडितबाई. हे तिचं टोपणनाव. ती दूर कुठल्या तरी देशात राहायची, जन्मभर छापखान्यात अक्षरजुळणी करून निवृत्त झालेली, आणि त्या खाणाखुणांच्या भाषेतला बारीकसारीक नियम तिला तोंडपाठ. दोघांचं एकमत झाल्याशिवाय कुठलाही बदल आत जात नसे. मथळ्यांना तिनं लगेच होकार दिला. डॅशवर मात्र अडून बसली. जुन्या नियमाप्रमाणे साधी खूण केली तर जोडशब्दातला डॅश छापायचा. मशीनचा डॅश पाहिजे असेल तर लिहिणाऱ्यानं वेगळी खूण करायची. चूक पानं लिहिणाऱ्यांची आहे, तिनं कळवलं, त्यांनी ती सुधारावी.

'लिहिणारे हजारो आहेत,' धाकट्यानं उत्तर लिहिलं. 'त्यातले काही वारलेत.'

'तरीही,' पंडितबाईचं उत्तर आलं.

मेलामेली सुरू राहिली. धाकट्याच्या मेल लांबत गेल्या, तिच्या आखूड होत गेल्या. एकदा तर त्यानं सगळं सोडून देत असल्याची मेल लिहिली आणि ती न पाठवता दात घासायला गेला. बायको बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादांसाठी करतोयस म्हणून मी गप्प आहे," ती म्हणाली. "नुसत्या त्या प्रोग्रामसाठी असतं तर चांगलं सुनावलं असतं."

"मला आता दोन्हीतला फरक कळेनासा झालाय," तोंडात फेस घेऊन तो म्हणाला.

"मग तिला त्यांचं ऐकव ना. तू नुसता वाद काय घालतोस?"

पुढच्या रविवारी त्यानं दादाकडे बसून ते पान बोलताना रेकॉर्ड केलं, मधेमधे दादाचे सुस्कारे पडले होते ते तसेच ठेवले, आणि पंडितबाईला पाठवून दिलं. खाली एक ओळही लिहिली नाही.

तिचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यानं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. घोगरा, दमा असल्यासारखा.

"मी पुन्हा पुन्हा ऐकलं," ती म्हणाली. "ते सुस्कारे टाकणारे कोण?"

"माझा मोठा भाऊ."

"त्यांना सांगा, नियम चुकलेला नाही."

धाकट्यानं डोळे मिटून घेतले.

"पण तो नियम कागदासाठी केलेला," ती पुढे म्हणाली. "कागद काही मोठ्यानं बोलत नाही, आणि कागदावरून उचलून कुणी मशीनला चिकटवत नाही. तेव्हा कमांड आणि पर्याय जिथे येतात तिथे मशीनचा डॅश घालू. बाकीच्या मजकुरात जुनाच राहू दे. पटतं का?"

"पटतं. म्हणजे, पटतं हो."

"आणि तुमचा बदल आहे तसा मी घेणार नाही. भिकार लिहिलाय."

धाकट्याला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी असं पोटातून आलं.

मग दोघांनी मिळून ते काम ओढलं. पानाला खरे मथळे आले. पर्यायांचे तक्ते मोडून साधी यादी झाली, आधी पर्याय, मग त्याचा अर्थ. तक्ता उरला तो जिथे मुळात तक्ताच होता तिथे. तपासायला दादा होता, आणि तपासनीस म्हणून तो महाखाष्ट निघाला.

"मथळा दोनदा वाचतोय," फोनवर तो सांगायचा.

"काल तर नव्हता वाचत."

"काल तू हात लावला नव्हतास."

वहिनी म्हणायची, एवढं भांडण ऐकून बरं वाटतं, निदान घरात आवाज तरी आहे.

नवी आवृत्ती बाहेर पडली आणि तक्रारींचा पाऊस पडला. कुणाच्या साइटची सजावट विस्कटली होती, कुणाला जुने तक्तेच देखणे वाटत होते. एकानं लिहिलं, न मागितलेली सुधारणा करून तुम्ही आमचा आठवडा नासवलात. धाकटा एकेकाला उत्तर देत बसला. उत्तरं देताना आता राग येत नव्हता, नुसती पाठ दुखत होती.

त्यानं दादाला एकाच गोष्टीचा आग्रह केला. साहेबाला भेटायचं. दादा नको नको म्हणत होता, तरी तो रजा घेऊन त्याच्याबरोबर कचेरीत गेला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, जुनं पान आणि नवं पान दोन्ही ऐकून घेतलं, मधे फोन वाजला तो बंद केला.

"चूक पानाची होती हे मला पटलं," तो म्हणाला. "पण उद्या पुन्हा काही झालं तर मी वर काय सांगू? असं करू. तुम्ही मशीनवर परत या. तुमच्या जागी ज्या बाई आल्यात त्याच प्रमुख राहतील. काही पुसायचं, हलवायचं असलं की आधी त्यांनी बघायचं, मग तुम्ही चालवायचं."

धाकट्याचं डोकं सटकलं. "अहो, हे सगळं उभं केलंय कुणी? आणि आता ह्यानं..."

"चालेल," दादा म्हणाला.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात धाकटा फणफणतच चालत होता. दादानं त्याचा दंड धरला होता, त्यामुळे त्याला फार भरभर जाता येत नव्हतं.

"चालेल कसं म्हणालास तू? चूक तुझी नव्हती, त्यानं कबूल केलं ना?"

"हळू चाल." दादा थांबला. बाजूच्या खोलीतून छपाई यंत्राची घरघर येत होती. "चूक माझी नव्हती हे मला तुझ्याआधी कळलंय. पण आता एंटरवर बोट ठेवलं की ते थरथरतं. घरीसुद्धा. तुझं पान सुधारलं, फार चांगलं सुधारलं, पण हे काही त्यानं जाणार नाही. कुणीतरी बाजूला बसून 'हं, चालव' म्हणालं तर मला हवंय."

इतके महिने धाकटा एका दिशेनं ढकलत आला होता, आणि तिथे पोचल्यावर दादाला काय वाटणार होतं याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता.

"मग आधी सांगायचं नाही का," तो शेवटी म्हणाला.

"सगळंच काय आधी सांगायचं?" दादानं त्याचा दंड हलवला. "चल. मला भूक लागलीय, आणि तुझ्या पोटातही केव्हापासून काहीतरी वाजतंय."

दादा मशीनवर परत गेला. नव्या बाई मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. विचारायला लाजत नव्हत्या, त्यामुळे दिवसभर प्रश्न दादाला आणि शेवटचा होकार त्यांचा, असं काहीतरी त्यांचं जमलं. संध्याकाळी तो घरी येऊन त्यांच्याबद्दल कुरकुर करतो, असं वहिनीनं कळवलं. तिचा आवाज बराच हलका झाला होता.

धाकट्यानं पंडितबाईला लिहिलं की मला काही महिने ह्यातून बाजूला व्हायचंय, मी दमलोय. पाठवताना त्याला अपराधी वाटलं, तरी पाठवलं.

'व्हा,' तिनं लिहिलं. 'मीही दमलेय, पण मला सवय आहे. परत याल तेव्हा ती लिंकांची भानगड बघू, एका पानावरून दुसऱ्यावर जाताना घोळ होतोय. आत्ता नको.'

लिंकांची भानगड कसली, हे बघायला त्याचा हात माउसकडे गेला. मग त्यानं तो मागे घेतला, कॉम्प्युटर बंद केला आणि बायकोला हाक मारून विचारलं की बाहेर जायचं का कुठे. ती म्हणाली, कपडे वाळत घालायचेत. तो बादली उचलून तिच्या मागोमाग गच्चीवर गेला.