मागून येणारीसाठी

“तिला उठवू नका. आणि उद्या येऊ पण नका,” विमलाबाई फाटकाच्या आतूनच म्हणाल्या. हातात दुधाची पिशवी, अंगावर शाल आणि चेहरा असा, की दारातला भाजीवालासुद्धा भाव न सांगताच पुढे गेला असता.

उज्वला सायकलवरून उतरलीही नव्हती. एक पाय रस्त्यावर टेकवून ती म्हणाली, “उठवायला नाही आले, काकू. इकडूनच जाते मी.”

“नाशकात रस्ते काय कमी पडले?”

“हा पेठ रोडला निघतो ना.”

निघत होता, पण तीन गल्ल्यांचा वळसा घालून. ते विमलाबाईंनाही ठाऊक होतं. उज्वला गांगुर्डे, वय एकावन्न, एका शाळेतली क्लार्क. बाईनं एकदा मनावर घेतलं की झालं.

संजना ही विमलाबाईंची सून. चार वर्षांपूर्वी तिला या बारीक टायरच्या सायकलीवर बसवलं ते उज्वलानंच. तेव्हापासून दोघी पहाटे निघायच्या, आशेवाडीपर्यंत जायच्या, रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी चतुराबाईच्या टपरीवर चहा प्यायच्या आणि कामाच्या वेळेआधी घरी. उज्वला पुढे, संजना तिच्या मागच्या चाकाला चिकटून. असं चिकटून चालवलं की वारा कमी लागतो, पण रस्ता दिसत नाही, पुढचीची पाठ तेवढी दिसते. म्हणून सायकलवाल्यांची रीतच आहे: खड्डा ज्या बाजूला, त्या बाजूचा हात पुढच्यानं खाली करून बोट दाखवायचं. मागचा माणूस त्या बोटाच्या भरवशावर असतो.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी उज्वला चालत्या सायकलवर पाणी पीत होती. डाव्या हातात बाटली, उजवा हँडलवर. डावीकडे खड्डा आला, ती सवयीनं वळून निघून गेली आणि मागून आवाज आला.

संजनाच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. दवाखान्यात सगळे म्हणाले, खड्डा दिसला नसेल, दुसरं काय. उज्वला गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण ती सरळ विमलाबाईंसमोर गेली. “दिसला होता मला. दाखवायला हात मोकळा नव्हता.”

त्या दिवसापासून फाटक बंद. फोन केला तर संजना “बरी आहे, ताई” म्हणायची आणि ठेवायची. उज्वलाच्या जिवाला ते फार लागलं. माफी मिळो न मिळो, ही पोरगी पुन्हा सायकलवर बसलीच पाहिजे, एवढंच तिनं धरलं. आपण शिकवलेलं आपल्याच हातामुळे तिच्याकडून सुटलं, हे तिला सहन होत नव्हतं. म्हणून रोज सहाला दहा कमी असताना ती या गल्लीतून जायची. हाक नाही, काही नाही. नुसतं जायचं.

“आज बी एकलीच?” चतुराबाई विचारायची. “ती पोर कवा येनार?”

“येईल.”

“रोज त्येच म्हंता.”

“रोज तसंच वाटतं, चतुराबाई.”

“ऱ्हाऊ द्या. घ्या, वाटंला बाटली भरून देते.”

“नको. आता मी थांबूनच पिते.”

जानेवारी आला. गारठा असा, की ब्रेक दाबायला बोटं वळेनात. एका सकाळी उज्वला गल्लीत शिरली, तर फाटक उघडं आणि बाहेर संजना, हेल्मेट घालून, सायकल धरून उभी. दारात विमलाबाई.

“खांदा?” उज्वलानं विचारलं.

“भार पडला की दुखतो.” मग संजनानं फाटकापुढच्या खड्ड्याकडे मान केली. “गॅलरीतून रोज बघते मी. हा आला की तुमचा हात खाली जातो. मागं तर कोणीच नसतं.”

“जातो?” उज्वलाला हे खरंच ठाऊक नव्हतं.

“रोज. अडीच महिने बघतेय. पण ताई, तुमच्या मागं राहायचं धाडस नाही होत अजून. राग मानू नका.”

लागलं. लागण्यासारखंच होतं. “मग तू पुढे हो,” उज्वला म्हणाली.

“आठच्या आत या,” विमलाबाई म्हणाल्या, आणि आत वळता वळता, “दोघीही.”

पेठ रोडला लागल्यावर चार वर्षांत पहिल्यांदाच उज्वलाला रस्ता दिसत नव्हता. पुढे संजनाची पाठ होती, डावा खांदा जरा उचललेला. मैलभर गेल्यावर तो खांदा आणखी ताठ झाला. संजनाचा उजवा हात हँडलवरून सुटला, सगळा भार प्लेट बसवलेल्या खांद्यावर आला, सायकल किंचित डगमगली. पण हात खाली गेला, बोट उजवीकडे दाखवून परत हँडलवर आला.

खड्डा केवढा होता ते उज्वलानं पाहिलंच नाही. बोट दिसलं, आणि ती डावीकडून निघाली.