बंद साच्याच्या आत

"बाबा, हे जळणार," लेक म्हणाली, आणि मिस्त्रींनी आधी गॅसकडे पाहिलं. दूध ठीक होतं. उतू जायलाही अजून अवकाश होता.

"दूध नाही हो. तुमच्या डब्याचं झाकण. मधोमध जळणार."

सुट्टीची सकाळ होती आणि लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. बापलेक एकाच प्लास्टिकच्या कारखान्यात. ते खाली साचे बनवायच्या खात्यात, ती वर डिझाइनमध्ये. साचा कोरण्याआधीच त्यात वितळलेलं प्लास्टिक कसं भरेल, ते तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसायचं. डब्याचं हे झाकण म्हणजे मिस्त्रींचा निवृत्तीआधीचा शेवटचा साचा. 'माझ्या साच्याला तुमचा सिनेमा नको,' असं ते साहेबांना छाती ठोकून सांगून आले होते.

"मग तू बघितलंस कशाला?" मिस्त्री फणकारले.

"राहवलं नाही. प्लास्टिक आत शिरायचं तोंड तुम्ही कडेला ठेवलंय."

"आयुष्यभर कडेलाच ठेवलं."

"तेव्हा झाकणं जाडजूड होती, बाबा. हे पापुद्र्यासारखं आहे. नुसता काठ जाड."

भाजी निवडणाऱ्या बायकोला राहवेना. "अहो, ऐका तरी तिचं. तुमच्या साच्यातून पहिल्या फटक्यात कधी काही धड निघालंय? निम्मा संसार अर्धवट वस्तूंवर केलाय मी."

हे मात्र खोटं नव्हतं. पूर्वी नव्या साच्यात आधी थोडंसंच प्लास्टिक सोडायचे, मग आणखी थोडं. अर्धेमुर्धे नग निघायचे आणि त्यावरून आत काय चाललंय ते ताडायचं. ते नग मिस्त्री घरी आणायचे. एका बाजूला दातच नसलेला कंगवा, कोपरा गायब असलेली साबणदाणी. तळ नसलेल्या कपातून लेकीने लहानपणी येईल त्या पाहुण्याला चहा पाजला होता. आणि कारखान्यात चाचणीच्या दिवशी काय गर्दी व्हायची! मशीनभोवती सगळं खातं गोळा. स्टोअरवाला कुलूप घालून यायचा, वजन करणाऱ्याचं तर तिथे काडीचं काम नसायचं, तरी सर्वांत मोठा आवाज त्याचाच. दिवसभर वादावादी, पैजा, चहावर चहा. संध्याकाळी एखादा नग अखंड निघाला की घरात बाळ जन्मल्यासारखा आनंद. ते दिवस आठवले की मिस्त्रींना अजून भरून यायचं.

"दाखव," हात पुसत ते म्हणाले.

लेकीने बटण दाबलं. कडेच्या तोंडातून रंग आत शिरला, दोन्ही बाजूंनी जाड काठाने पळत सुटला, पलीकडे जाऊन एकमेकांना भेटला आणि मग आत वळला. मधला पातळ भाग रिकामाच राहिला होता. "इथे हवा कोंडते," लेकीने बोट ठेवलं. "तिला बाहेर जायला वाटच नाही. दाबाने ती तापते आणि प्लास्टिक जाळते."

बायकोने निवडणं थांबवलं. नवऱ्याच्या रागाची तिला सवय होती. पण मिस्त्री एवढंच म्हणाले, "पुन्हा दाखव."

तिने दाखवलं. "पुन्हा."

आपलं चुकलं हे त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. आता ते वेगळंच बघत होते. जन्मभर पोलाद कोरलं, पण साचा बंद झाला की आत काय होतं ते कधी डोळ्यांना दिसलं नव्हतं. सगळा अंदाजपंचे कारभार. त्यांना हे काम शिकवणारे उस्ताद तर बंद साच्याला कान लावून बसायचे आणि सगळ्यांच्या थट्टेचा विषय व्हायचे.

"असं जातं होय ते," मिस्त्री हळूच म्हणाले. "उस्ताद असायला हवे होते गं." तेवढ्यात दूध उतू गेलं आणि बायको ओरडतच उठली.

"मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही," लेक म्हणाली. "उद्या तुम्हीच तोंड मधोमध घ्या. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"आणि माझ्यानंतर येणारा पुन्हा कडेलाच ठेवेल. नको. सगळ्यांसमोर सांगू."

मीटिंगमध्ये ते स्वतःच उठले. "माझं चुकलं होतं. पोरीने पकडलं." साहेब रागावले नाहीत. "होतं असं," म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं. पण लेकीकडे बघताना छाती अशी काही फुगली होती की धड वाईटही वाटून घेता येईना.

साचा तयार झाला. चाचणीच्या दिवशी मिस्त्री बाह्या दुमडून, दुपारचा डबा घेऊन मशीनपाशी हजर झाले. मशीन चालवणाऱ्या बाईंनी दार उघडून पहिला नग काढला. अखंड. मध्यभागी डाग म्हणून नाही. लेकीने बापाकडे बघून डोळे मोठे केले, साहेबांनी झाकण उजेडाकडे धरलं, "छान" म्हणाले आणि फोन घेत निघून गेले. लेकीला वरून बोलावणं आलं. अजून सकाळचा चहासुद्धा आला नव्हता.

मिस्त्री तिथेच उभे होते.

"आणखी काही बघायचंय का, मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

"नाही. झालं की सगळं."

"मग जरा सरकता का? दार लावायचंय."

"हो हो," म्हणत मिस्त्री बाजूला झाले.