नागीण गेली, भोंगा राहिला

नर्मदाबाईंच्या डाव्या बरगडीवरची नागीण पोळ्यानंतर सुकली. फोड गेले, खपल्या पडल्या. आग मात्र राहिली. पदर घासला तरी त्या कळवळायच्या. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळू नये, या धास्तीनं रोज सकाळी गेरू उगाळून लावायच्या.

दिवाळी झाली की मुलगा परमेश्वर आणि सून ऊसतोडीला निघणार होते. नात ज्ञानेश्वरी आजीपाशी राहिली, तरच तिची चौथी पुरी होणार. नाहीतर तीही फडात.

"माय, तुलाच चूल पेटवायला जमंना. पोरीला घेऊन जातो," परमेश्वर म्हणाला.

ज्ञानेश्वरी माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येते. त्या दिवशी ती आजीलाच ओढत घेऊन आली.

"डॉक्टरांची गोळी घेता का?" मी विचारलं.

"दुखलं की घेते. काय बी फरक न्हाई, गुरुजी. नागीण आत बसलीय."

मी ज्ञानेश्वरीकडे वळलो. "कारखान्याची पाळी सुटली, पण भोंग्याचं बटण अडकलं, तर?"

"वाजतच राहील की!"

"तसंच झालंय. आजीची जखम भरली, पण नागिणीनं तिथली नस दुखावली. ती नस आता उगाच वाजते. दुखणं खरं आहे, आत नागीण मात्र नाही. ही गोळी भोंग्याचा आवाज हळूहळू उतरवते. म्हणून डॉक्टरांनी ती रोज रात्री घ्यायला सांगितलीय. काही आठवडे धीर धरायचा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

"म्हंजी मी भोंग्याला गेरू फासायलेय व्हय?" नर्मदाबाई हसल्या आणि लगेच बरगडीवर हात धरून "आई गं!" म्हणाल्या.

रोज जेवण झालं की ज्ञानेश्वरी गोळी आणि पाणी पुढे धरू लागली. गेरू सुटला, जुन्या धोतराची मऊ, सैल चोळी आली. "नुसती झोप येती, मेली," अशी कुरकुर झाली, तेव्हा दोघी पुन्हा दवाखान्यात विचारून आल्या, पण गोळी सोडली नाही. दिवाळीआधी नर्मदाबाईंच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज मला ऐकू आला.

दिवाळी सरली, ट्रॅक्टर दारात लागला. परमेश्वरनं पोरीची पिशवीही वर टाकली.

"उतरव ती," नर्मदाबाई म्हणाल्या.

"दुखायचं थांबलं का, माय?"

"थांबलं न्हाई. वाजतोय बारीक. पर त्याच्यापायी माझी भाकर अडत न्हाई आता."

परमेश्वरनं आईकडे नीट पाहिलं आणि पिशवी खाली दिली. ज्ञानेश्वरी मिठी मारायला धावली.

"उजवीकडून ये गं!" आजी ओरडली आणि तिनं हात पसरले.