एकशे त्रेचाळिसावं पान

ता. ७ मार्च १९९६, गुरुवार. पहाटे गारवा, दहानंतर कडक ऊन. वारा नाही.

आधी तारीख आणि हवा सांगायची, मग पुढचं, ही सवय माझी नाही, माझ्या मालकिणीची आहे. पण इतकी वर्षं तिच्या मांडीवर काढल्यावर ती मलाही लागली. मी परीक्षेचा पॅड बोलतोय. दाबलेल्या पुठ्ठ्याचं अंग, वरच्या कडेला पत्र्याची क्लिप, उजवा कोपरा उडालेला. वर सांगितलेला दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस. पण तिथवर येण्याआधी थोडं मागचं सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण बारामतीची, एस.टी. स्टँडजवळच्या दुकानाची. आम्ही बारा भाऊ एका सुतळीला टांगलेले होतो. १९९० चा जून होता. एक बाई पाचवीतल्या मुलीला घेऊन आली. तिनं माझ्यावरून तळहात फिरवला, क्लिप दोनदा दाबून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्योच द्या. बाकीच्यांची क्लिप ढिली हाय." त्या बाई म्हणजे म्हाळसाबाई आणि मुलगी वैष्णवी.

त्यांचं घर भवानीनगरच्या पुढं एका वस्तीवर. मालक, म्हणजे राम, साखर कारखान्यात ऊस-काट्यावर नोकरीला. घरात त्यांची आई, बानूबाई. बानूबाईंचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. आता मेंढरं उरली नव्हती, दारात चार शेरडं होती, पण हातातली लोकर कातायची चाती काही सुटली नव्हती. बसल्या जागी त्या सूत काढत आणि घरात कोण काय करतंय ते न बघता ओळखत.

वैष्णवीला माझी गरज वर्षातून दोन-तीनदा, परीक्षेपुरती. एरवी मी खुंटीला. एके दिवशी दुपारी म्हाळसाबाईंनी मला खाली काढलं. मालक काट्यावर फुकट गेलेले ऊस-नोंदीचे फॉर्म रद्दी म्हणून घरी आणत. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. त्यांतला एक फॉर्म कोऱ्या बाजूनं माझ्यावर लावून त्यांनी वर तारीख घातली, हवा कशी आहे ते लिहिलं आणि खाली एका तरुण विधवा शिक्षिकेची गोष्ट सुरू केली. नववीनंतर शाळा सुटलेली बाई. वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून, हे आपल्यालाही जमेल का, असं तिला वाटलं होतं. जमलं. पुण्याचा एक छोटा प्रकाशक वाचनालयांसाठी प्रेमाच्या कादंबऱ्या छापायचा. त्यानं ती घेतली, पण म्हाळसा हे नाव मुखपृष्ठावर शोभत नाही म्हणाला. तेव्हापासून म्हाळसाबाई छापील जगात 'नीलाक्षी' झाल्या. चार पुस्तकं निघाली. हे माहीत होतं फक्त मालकांना आणि वैष्णवीला. घरात आजीला कळू द्यायचं नाही, गावात तर नाहीच, असं म्हाळसाबाईंनी लेकीकडून कबूल करून घेतलं होतं. चूल-शेरडं बघणारी बाई दुपारी बसून प्रेमाचं लिहिते हे सासूला कोणत्या तोंडानं सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

गंमत अशी की बानूबाई नीलाक्षीच्या भक्त होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. वैष्णवी वाचनालयातून पुस्तक आणायची आणि संध्याकाळी आजीला वाचून दाखवायची. बानूबाई चाती फिरवत ऐकायच्या आणि नायकाला शिव्या घालायच्या. आत भाकरी थापताना म्हाळसाबाईंचा हात मधेच थांबायचा. कुठल्या ओळीला सासू हसली, कुठं गप्प झाली, हे त्या ऐकत असत. त्यांच्या पुस्तकावर दुसरं कुणी त्यांच्यादेखत काही बोललंच नव्हतं.

त्यांची लिहायची वेळ साडेअकरा ते एक. भांडी झाली, शेरडांना पाला टाकला, सासूचा डोळा लागला की घोंगड्यावर बसायचं. तेवढ्यात नळाला पाणी यायचं, नाहीतर शेजारीण विरजण मागायला यायची. हाक आली की त्या वाक्य अर्धं सोडून उठत. पुढं पुढं तर मुद्दामच अर्धं सोडायच्या. म्हणायच्या, पुरं केलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी ओळख देत नाही, अर्धं असलं तर तेच हात धरून आत नेतं. ते अर्धं पान ठेवायची जागाही ठरलेली होती. माझा पुठ्ठा खरबरीत झाला म्हणून त्यांनी माझ्यावर जुन्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद चिकटवला होता, तीन बाजूंनी. चौथी बाजू उघडी. त्या पिशवीत पान सरकवलं की मी पुन्हा साधा पॅड. लिहिलेली बाकीची पानं फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत जात.

पाचवी कादंबरी मार्चअखेर द्यायची होती. पण ९ फेब्रुवारीला, एकशे त्रेचाळिसावं पान अर्धं असताना, म्हाळसाबाईंनी पेन मिटलं. वैष्णवी दहावीला होती. पोरीची परीक्षा होईपर्यंत एक ओळ लिहायची नाही असं त्यांनी ठरवलं. तिला पहाटे उठवायचं, चहा द्यायचा, समोर बसून पाठांतर ऐकायचं. महिनाभर मी खुंटीला राहिलो. कणगीतल्या पानांना हात लागला नाही. आणि माझ्या पोटात ते अर्धं पान तसंच राहिलं.

नवा पॅड घेऊ म्हटलं तर वैष्णवी ऐकेना. पाचवीपासून प्रत्येक परीक्षा तिनं माझ्यावरच दिली होती. ६ मार्चला म्हाळसाबाईंनी मला ओल्या फडक्यानं पुसलं, क्लिपखाली बोट घालून पाहिलं आणि देवापुढं ठेवलं. पिशवी त्यांच्या ध्यानात आली नाही. रोज लिहीत असत्या तर आली असती.

सात तारखेला मराठीचा पेपर. केंद्र आठ किलोमीटरवरच्या एका हायस्कुलात. म्हाळसाबाई डबा आणि पाण्याची बाटली घेऊन फाटकाबाहेर लिंबाखाली बसल्या. आत साडेबाराला भरारी पथक आलं. पथकातल्या एका बाईंनी वैष्णवीच्या उत्तरपत्रिकेखालून मला उचललं, अंगठ्यानं कॅलेंडरचा कागद दाबला आणि दोन बोटं आत घातली. पान बाहेर आलं.

मला तोंड असतं तर तेव्हा ओरडलो असतो.

त्यांनी पान तिथंच वाचलं. शेवटची ओळ अशी होती: 'तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी रोज संध्याकाळी मी फाटकाची कडी काढून ठेवते, कारण'. पुढं काही नाही. बाईंनी वैष्णवीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुणाला लिहिलीस ही?"

म्हणजे आता दोन गोष्टी झाल्या. वर्गात हस्तलिखित सापडलं म्हणून कॉपी. आणि मजकूर असला, म्हणून प्रेमाची चिठ्ठी. कॉपी ठरली तर वर्ष जाणार होतं. चिठ्ठी ठरली तर गावात पोरीचं शिक्षणच संपणार होतं. वैष्णवीनं एक शब्द उच्चारला असता तरी सुटली असती. तिनं उच्चारला नाही. आईला कबूल केलं होतं ना. तिची उत्तरपत्रिका काढून घेतली, दुसरी दिली, आणि मला पानासकट ऑफिसात नेलं. उरलेला सव्वा तास ती बाकावरच्या कोरलेल्या नावांवर कागद ठेवून लिहीत होती. खुलाशाच्या कागदावर पथकानं लिहिलं: विद्यार्थिनी काही सांगत नाही.

शाळेचा शिपाई गेणबा आमच्याच वस्तीचा. तो फाटकाशी गेला आणि म्हाळसाबाईंना म्हणाला, "वैनी, आत चला. पोरीजवळ चिठ्ठी घावली."

त्या आल्या तेव्हा पायांत एकच चप्पल होती, दुसरी लिंबाखाली राहिली होती. टेबलावरचं पान त्यांनी दारातूनच ओळखलं.  मग म्हणाल्या, "साहेब, हे माझं हाय. मी लिवलंय."

केंद्रप्रमुख जाणते गृहस्थ होते. म्हणाले, बाई, लेकराला वाचवायला कोणतीही आई असंच म्हणेल. म्हाळसाबाई म्हणाल्या, "पोरीनं फकस्त पॅड आणला. ही कादंबरी हाय. पान एकशे त्रेचाळीस. आधीची एकशे बेचाळीस घरात कणगीत हायती. कागद द्या, म्होरलं हितंच लिवून दावते."

त्यांना कागद दिला. आधाराला मला दिलं. त्यांनी मला मांडीवर घेतलं. सवयीनं त्यांनी वरच्या कोपऱ्यात १४४ घातलं. मग तारीख. मग लिहिलं: कडक ऊन, वारा नाही. आणि अर्ध्या वाक्याला पुढं जोडलं: 'कडी लावली तर मी वाट पाहायची थांबले असं घराला वाटेल.' तिथून त्या थांबल्या नाहीत. महिनाभर कोंडलेलं होतं ते. बाहेर पेपर सुटल्याची घंटा झाली तरी त्यांचं डोकं वर झालं नाही.

पथकातल्या बाईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. अक्षर तेच. कोपऱ्यात आकडा, तारीख, हवा, तसंच. जुन्या पानामागं ऊस-नोंदीची छपाई. त्यांनी नवं पान पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.

"मग तो येतो का?"

"अजून ठरलं न्हाय, बाई. परीक्षेपायी थांबलंया."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. तरी नियम तो नियम. खुलासा लिहून घ्यायचा, प्रकरण बोर्डाकडं जाणार, निर्णय तिथं. खुलाशात लिहावं लागलं: मी, म्हाळसा राम, 'नीलाक्षी' या नावाने कादंबऱ्या लिहिते. खाली साक्षीदार म्हणून गेणबाची सही घेतली. पान एकशे त्रेचाळीस पाकिटात घालून लाख लावली. चव्वेचाळीस त्यांना परत दिलं.

गेणबा सायकलवर, आम्ही एस.टी.नं. आम्ही पोचायच्या आत बातमी घरी बसलेली होती.

बानूबाई ओट्यावर सूत कातत होत्या. वैष्णवी आजीच्या पायाशी बसून रडायला लागली. म्हाळसाबाई उभ्याच राहिल्या, मला छातीशी धरून. बानूबाईंनी चाती न थांबवता विचारलं,

"नीलाक्षी म्हंजी तूच?"

"व्हय, आत्याबाई."

"चार सालं माझ्या म्होरं भाकरी वाढतीस आन् बोलली न्हाईस."

म्हाळसाबाईंनी मला ओट्यावर ठेवलं.

"त्या मागल्या पुस्तकात सुमनला हिरीत का ढकललीस? गुनाची पोर. दोन दिस घास उतरला न्हाय मला."

"तसंच होतं ते, आत्याबाई."

"कशाचं तसंच. तुझ्याच हातात हुतं की." धागा तुटला होता, तो त्यांनी थुंकी लावून जोडला. "ह्या नव्या पुस्तकातल्या बाईला तरी जगीव. आन् दुपारची शेरडं मी बघंन. आधी पोरीला जेवाय वाढ."

हे वाचून सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. नळावर बाया म्हणायच्या, "नीलाक्षीताई, हंडा सरकवा की." मालकांना काट्यावर ट्रॅक्टरवाले विचारायचे, वहिनींच्या गोष्टीतला हिरो तुम्हीच का? त्यांनी पंधरा दिवस फॉर्म आणले नाहीत. सोळाव्या दिवशी आणले, गठ्ठा माझ्याशेजारी ठेवला आणि न बोलता हातपाय धुवायला गेले. वैष्णवीनं बाकीचे पेपर दुसऱ्याच्या पॅडवर दिले. तिनं मला टाळलं याचं मला वाईट वाटलं, राग आला नाही.

म्हाळसाबाई आता उघड, ओट्यावर बसून लिहू लागल्या. लिहिलेलं संध्याकाळी आधी सासूला वाचून दाखवायचं असा नेम झाला. बानूबाईंनी एक अख्खं प्रकरण मोडायला लावलं. लेखिकेनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी ते मोडलं. पान एकशे त्रेचाळीस मात्र त्यांना पुन्हा तसं लिहिता येईना. चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहिलेलं ठेवलं.

आज १९९९ साल आहे. माझी क्लिप ढिली झालीय, कॅलेंडरचा कागद मालकिणीनं स्वतः फाडून काढला. तरी दुपारी मांडीवर मीच असतो. वाचकहो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर लेकराच्या हाती देण्याआधी त्याच्यावर एकदा हात फिरवा. आणि घरात कुणी काही लिहीत असेल, तर त्याला ते लपवायला जागा शोधावी लागू नये एवढं बघा.

उरलं ते लिहून ठेवतो. बोर्डाची सुनावणी १४ मे १९९६, मंगळवार. प्रचंड उकाडा, दुपारी आभाळ. वैष्णवी निर्दोष. निकाल २० जून, गुरुवार; रिमझिम. पास, एकूण एकसष्ट टक्के, मराठीत शंभरपैकी एकावन्न. कादंबरी महिनाभर उशिरा, २८ एप्रिलला पुरी झाली. पानं तीनशे दोन. डिसेंबरात छापून आली, मुखपृष्ठावर नाव नीलाक्षी. त्यात तो परत येतो. पाकिटातलं पान मागायला दोन अर्ज केले. पान परत मिळालं नाही.