बर्चची साल ल्यालेली फुलदाणी

मित्रांनो, माझ्या अंगावरून हात फिरवलात, तर झाडाच्या सालीवरून फिरवल्यासारखे वाटेल. पण मी झाड नाही. मी फिनलंडमधली एक जुनी, काचेची फुलदाणी आहे.

तौनो नावाच्या कारागिराने मला फुंकून घडवले. ओल्या लाकडाच्या साच्यात त्याने बर्च झाडाच्या सालीसारख्या रेघा कोरल्या होत्या. तापलेली काच आत फुगली, की साचा थोडा जळे आणि रेघा अधिक खोल होत. मी त्या साच्यातली शेवटची. माझ्यानंतर त्याचा कोळसाच झाला. आगीने मला उजेड दिला, लाकडाने साल दिली आणि तौनोने आपला श्वास दिला.

त्याने मला घरी नेले, तेव्हा त्याची बायको ऐली म्हणाली, "अगंबाई, किती खरबरीत ही!"

"तुझीच बहीण," तौनो हसला. "आतून मात्र नितळ."

तळ्याकाठच्या उन्हाळी घरात, खिडकीपाशी माझी जागा ठरली. पुढे तौनो गेला. ऐली मला पुसताना म्हणे, "त्याचा श्वास आहे हिच्यात."

एका शरदात घर बंद करून ती शहरात परतली आणि माझ्यातले पाणी ओतून टाकायचे राहून गेले. आमच्याकडे थंडीत बंद घरात पाणी गोठते, फुगते आणि काच फोडते. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. तो जाड होऊ लागला. माझे अंग ताणले गेले.

तेवढ्यात कुलूप उघडले. शेजारचा रेइनो धापा टाकत आत आला. त्याच्या फोनमधून ऐलीचा आवाज येत होता, "फुटली का रे? खरं सांग!"

"नाही अजून. थांब, उकळतं पाणी ओततो. बर्फ लगेच सुटेल."

"अरे, खबरदार! तडकेल ती. कोटात घे आणि गप्प बस."

"या वयात फुलदाणी पोटाशी धरून बसू? कुणी पाहिलं तर?"

"अस्वलंसुद्धा झोपली असतील आता. बस!"

तो बसला. कुरकुरत, पण लोकरी कोटात मला घट्ट धरून. हळूहळू बर्फ सुटला. त्याने पाणी पायरीवर ओतले आणि बाहीने मला कोरडे केले.

"वाचली गं," तो म्हणाला.

 पलीकडून ऐली म्हणाली, "उन्हाळ्यात ये. वेलचीचा पाव करीन."

तो आला. ऐलीने माझ्यात बर्चची कोवळी डहाळी ठेवली होती. एकाचा श्वास, दुसऱ्याची ऊब; माझे आयुष्य असे उसन्या मायेवर उभे आहे.

मित्रांनो, थंडी येण्याआधी आम्हा फुलदाण्यांना आठवणीने रिकामे करा. आणि पहिली पालवी फुटली, की पुन्हा भरायलाही विसरू नका.